ओहोटीच्या चिखलातील बबल गोगलगायी: पुण्याहून निघणाऱ्या निरीक्षकासाठी सविस्तर मार्गदर्शक

पुण्याहून दिवेआगर, हरिहरेश्वर किंवा अलिबागला जाणारे बहुतेक पर्यटक किनाऱ्यावरचे रिकामे शंख पाहतात, काही जण खडकांतल्या डबक्यांत डोकावून खेकडे आणि समुद्रफुले पाहतात; परंतु बबल स्नेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी गोगलगायी पायाजवळ असूनही त्यांच्या नजरेतून सुटतात. या गोगलगायींचा शंख पातळ, फुगीर आणि अनेकदा अंगाच्या मांसल घड्यांखाली झाकलेला असतो, त्यामुळे शंख शोधत फिरणाऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत. शंखाऐवजी त्यांचे अन्न शोधावे, त्या अन्नाखालची जमीन कोणती आहे ते पाहावे आणि त्यानंतर वेळ ठरवावी, असा या लेखाचा आग्रह आहे. पुढील सर्व सूचना त्याच क्रमाने दिल्या आहेत.

कोणता प्राणी शोधायचा आहे

बबल गोगलगाय हे एका जातीचे नाव नाही. ‘सेफॅलॅस्पिडिया’ या गणातील अनेक कुळांना मिळून हे नाव वापरले जाते. त्यात बुलिडी कुळातील जाड शंखाची ‘बुला’, हॅमिनिइडी कुळातील लहान आणि नाजूक ‘हॅमिनिआ’, ‘हॅलोआ’ व ‘अ‍ॅटिस’, चिखलात गाडून राहणारी ‘फिलीन’ आणि शंख जवळजवळ गमावलेली ‘चेलिडोन्युरा’ अशा वंशांचा समावेश होतो. दिसायला याच मालिकेतली, पण आता वेगळी धरली जाणारी मंडळी म्हणजे ‘हायडॅटिना’ आणि तिचे नातेवाईक. त्यांचा फुगीर शंख पाहून त्यांना बरीच वर्षे सेफॅलॅस्पिडियात ठेवले गेले; आता ती ‘अ‍ॅक्टिऑन’ या वेगळ्या वंशाच्या जवळची मानली जातात. ऑपिस्थोब्रँकिया हा मोठा गट आँरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८४८ मध्ये मांडला होता आणि या सर्व गोगलगायी त्यात येत असत. आजच्या वर्गीकरणात तो गट मोडीत निघाला असून त्यातील प्राणी ‘हेटेरोब्रँकिया’ या व्यापक गटात विभागले गेले आहेत. जुन्या मार्गदर्शिका वापरणाऱ्या वाचकाने हा बदल लक्षात ठेवावा, अन्यथा एकाच प्राण्याची दोन-तीन नावे पाहून गोंधळ उडतो.

नावाच्या सारखेपणामुळे होणारे दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेले बरे. पुण्यातील घरगुती मत्स्यालयांत पाणवनस्पतींबरोबर जी लहान, तपकिरी, भराभर वाढणारी गोगलगाय येते, ती ‘फायसेला अ‍ॅक्युटा’ ही गोड्या पाण्यातील जात असते. तिचा शंख डावीकडे वळलेला असतो आणि ती फुप्फुसाने श्वास घेत असल्यामुळे अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर येते. तिचा बबल गोगलगायींशी जवळचा संबंध नाही, मात्र छायाचित्रणाचा सराव करण्यासाठी ती उत्तम आहे. दुसरा गैरसमज ‘जँथिना’ या जांभळ्या गोगलगायीचा. ती चिकट स्रावात हवेचे बुडबुडे अडकवून तराफा तयार करते आणि खुल्या समुद्रात उलटी तरंगते. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर ती किनाऱ्याला लागते आणि तिच्यासोबत दंश करणारे, जेलीफिशसारखे दिसणारे निळे ‘फायसेलिया’देखील येऊ शकतात, म्हणून वाळूवरची कोणतीही निळी, फुगीर वस्तू हाताने उचलू नये.

शरीररचना: प्रत्यक्ष निरीक्षणात उपयोगी पडेल तेवढी

बबल गोगलगायीच्या शंखाचे शिखर आत दबलेले असते. शेवटचे वेटोळे आधीच्या सर्व वेटोळ्यांना वेढून टाकते आणि शंखाचे तोंड जवळजवळ शंखाच्या पूर्ण लांबीइतके असते. बहुतेक जातींत शंखाचे तोंड बंद करणारे झाकण नसते आणि कित्येक जातींचे शरीर शंखात पूर्ण मावतही नाही. ज्या किनाऱ्यावर खेकडे, मासे आणि पाणपक्षी सतत फिरत असतात तेथे असा प्राणी टिकतो कसा, याचे उत्तर त्याच्या उरलेल्या शरीरात आहे.

डोक्याच्या जागी एक रुंद, चपटी, मांसल ढाल असते. याच ढालीवरून सेफॅलॅस्पिडिया हे गणाचे नाव पडले. ही ढाल पुढे रेटत गोगलगाय वाळूच्या किंवा चिखलाच्या वरच्या थरातून वाट काढते आणि तिच्यामुळे कण शरीराच्या पोकळीत शिरत नाहीत. पायाच्या दोन्ही कडा वर वळून शंखाच्या बाजू झाकतात आणि संपूर्ण शरीरावर चिकट स्रावाचे आवरण राहते. बागेतल्या गोगलगायीसारखी उभी शिंगे येथे नसतात. हॅमिनिआसारख्या जातींत डोळे ढालीच्या त्वचेतच रुतलेल्या दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ढालीच्या दोन्ही बाजूंना, खालच्या कडेजवळ, हँकॉकची इंद्रिये नावाची घडीदार संवेदनेंद्रिये असतात आणि त्यांच्या साहाय्याने ती पाण्यातील व गाळातील रसायने ओळखते. कल्ला शरीराच्या उजव्या बाजूला, प्रावार पोकळीत (शंखाखालच्या मांसल आवरणातील पोकळीत) असतो, म्हणूनच छायाचित्र घेताना उजवी बाजू चुकवू नये.

संरक्षणाची तिसरी तऱ्हा रासायनिक आहे. फिलीनच्या त्वचेतून डिवचल्यावर सल्फ्युरिक आम्ल स्रवते आणि तिला तोंडात घेणारा मासा बहुधा लगेच थुंकून टाकतो. निरीक्षकाने यातून एवढाच बोध घ्यावा की एका तबकात दोन वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नयेत.

अन्नावरून अधिवास ओळखणे

या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

बुला शाकाहारी आहे. ती हिरवी शैवले खाते आणि तिच्या अन्नमार्गात तीन कठीण पट्ट्यांची पेषणी असते. जात्यात दाणे भरडावेत तशी शैवलाची तंतुमय पेशीभित्ती त्या पट्ट्यांमध्ये भरडली जाते. हॅमिनिआ आणि तिच्या जवळच्या वंशांतील गोगलगायी गाळावर वाढणारा डायटमांचा (सूक्ष्म, एकपेशीय शैवलांचा) थर आणि केसाळ शैवल चरतात. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर सकाळच्या उन्हात सोनेरी-तपकिरी झाक दिसते, ती झाक म्हणजे डायटमांचा थर होय. तो थर जेथे अखंड आणि ओलसर आहे, जेथे त्यावर बोटभर पाण्याचा पातळ पडदा उरला आहे, तेथे या गोगलगायी शोधाव्यात. त्याच चिखलाचा वरचा भाग कोरडा पडून भेगाळला असेल तर तेथे वेळ घालवू नये.

मांसाहारी जातींसाठी नकाशा पूर्ण बदलतो. हायडॅटिना ‘सिरॅट्युलिडी’ कुळातील बहुशूकी कृमी खाते. हे कृमी गाळात राहतात आणि त्यांचे लांब, दोऱ्यासारखे कल्ले गाळाच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात. खडकांच्या मधल्या खोलगट जागेत वाळू व गाळ साठून त्यात लालसर किंवा पिवळसर दोरे वळवळताना दिसले, तर हायडॅटिनाचे अन्न तेथे आहे असे समजावे. फिलीन लहान शिंपले आणि फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म, एकपेशीय जीव) गिळते व पेषणीत चिरडते, त्यामुळे ती वालुकामय चिखलात, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची लहान पिल्ले असतात अशा पट्ट्यात सापडण्याची शक्यता अधिक असते. चेलिडोन्युराच्या काही जाती चपटे कृमी खातात. त्यांच्याच कुळातील, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ‘नॅव्हानॅक्स इनर्मिस’ ही जात तर चक्क इतर बबल गोगलगायींच्या चिकट मागावरून जाऊन त्यांना गिळते. तिला त्रास झाला की ती आपल्या मागात पिवळा रासायनिक इशारा सोडते आणि मागून येणारे तिचे जातभाई तो माग सोडून वळतात. ही रसायने १९७७ मध्ये प्रथम वर्णिली गेली. माग हा या प्राण्यांसाठी केवळ चालल्याची खूण नसून संदेशही असतो, म्हणून शोध घेताना मागांवरून पाय देत चालणे टाळावे.

कोकणच्या संदर्भात सांगायचे तर पहिल्या खेपेला हॅमिनिआ गटाचा शोध घ्यावा असे माझे मत आहे. त्यांचे अन्न उघड्यावर असते, त्या दिवसाही चरताना दिसू शकतात आणि अनुकूल जागी अनेक एकत्र असतात. ‘बुला अ‍ॅम्पुला’ ही हिंदी आणि प्रशांत महासागरांत दूरवर पसरलेली जात आहे. लिनिअसने १७५८ मध्ये तिला नाव दिले आणि तिचा शंख सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. आकाराने मोठी असूनही ती अधिक अवघड आहे, कारण दिवसभर ती वाळूत गाडलेली असते. हायडॅटिना सर्वांत देखणी. पहिल्याच सहलीत तिची अपेक्षा ठेवली तर बाकीचे सर्व दुर्लक्षित राहते.

रात्र आणि दिवस

बुलाचे निशाचरपण विज्ञानाला फार उपयोगी पडले आहे. ‘बुला गोल्डियाना’ या कॅलिफोर्नियातील जातीचा डोळा शरीरापासून वेगळा काढून पूर्ण अंधारात ठेवला, तरी त्यातून निघणाऱ्या विद्युत स्पंदांचा दिवस-रात्रीचा ताल कित्येक दिवस चालू राहतो. डोळ्याच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या काही चेतापेशी हे घड्याळ चालवतात. १९९३ मध्ये जीन ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशी एकटी, सुटी केलेली पेशीसुद्धा आपला दैनंदिन ताल राखते. एका पेशीत जैविक घड्याळ असू शकते, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.

निरीक्षकासाठी याचा अर्थ असा की बुला पाहायची असेल तर सूर्यास्तानंतरची ओहोटी निवडावी लागते. मात्र अंधारात अनोळखी किनाऱ्यावर उतरणे धोक्याचे असल्यामुळे ती जागा त्याच दिवशी सकाळच्या ओहोटीत पाहून ठेवावी आणि स्थानिक माणसाशिवाय रात्री जाऊ नये.

तिथीवरून ओहोटी काढणे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमधील अंतर सरासरी १२ तास २५ मिनिटांचे असते आणि म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी असते. आपल्याला उधाणाचे दिवस हवेत, कारण त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खालीही जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो.

किनाऱ्यावर पूर्वापार वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती सुमारे दीड वाजता. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम लागू होतो. जागेनुसार ही वेळ अर्धा-एक तास मागेपुढे होते, म्हणून तारीख निवडण्यापुरता हा हिशेब वापरावा आणि नंतर जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे छापील किंवा ऑनलाइन कोष्टक पाहावे. कोष्टकात ओहोटीची उंची मीटरमध्ये दिलेली असते. रायगडच्या किनाऱ्यासाठी ०.५ मीटर किंवा त्याहून कमी उंचीचा दिवस निवडावा. मुंबईकडून दक्षिणेला जाताना भरती-ओहोटीतील फरक कमी होत जातो, त्यामुळे अलिबागला जितका रुंद पट्टा उघडा पडतो तितका गुहागरला पडेल असे गृहीत धरू नये.

प्रतिपदा ते तृतीया हे दिवस माझ्या पसंतीचे आहेत. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो आणि ओहोटी सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान येते, म्हणजे उजेड पुरेसा असतो आणि ऊन चढलेले नसते. ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य आहे. पावसाळा संपल्यावर पाणी निवळते, खडकांवर आणि गाळावर शैवले वाढू लागतात, आणि शैवल आले की ते चरणारे प्राणीही येतात. एप्रिल-मेमध्ये उघडा चिखल इतका तापतो की प्राणी खोल जातात. पावसाळ्यात तर समुद्रात उतरण्याचा विचारच करू नये.

पुण्याहून जायचे कसे

सकाळी सव्वासातची ओहोटी गाठायची असेल तर आदल्या संध्याकाळी मुक्कामी पोहोचणे भाग आहे. ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळामार्गे दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर, खोपोली-पेणमार्गे अलिबाग व रेवदंडा आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे गुहागर, हेदवी व वेळणेश्वर असे तीन मार्ग पुणेकरांना परिचित आहेत. पहिले दोन दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहेत आणि चार-पाच तासांत होतात. तिसऱ्याला सुट्टीचा एक दिवस जास्त लागतो.

जागा निवडताना समुद्रकिनाऱ्याची प्रसिद्धी पाहू नये. दिवेआगरचा लांबच लांब वाळूचा किनारा पोहायला आणि फिरायला सुंदर आहे, पण लाटांनी सतत ढवळल्या जाणाऱ्या मोकळ्या वाळूवर डायटमांचा थर टिकत नाही. त्याऐवजी खाडीच्या मुखाजवळचा आडोशाचा भाग, खडकांच्या मागे साठलेली गाळमिश्रित वाळू किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याभोवती ओहोटीत उघडा पडणारा सपाट पट्टा यांसारख्या जागा पाहाव्यात. हरिहरेश्वरचा खडकाळ कट्टा भूरूपांसाठी अप्रतिम आहे. परंतु तेथे अचानक येणाऱ्या लाटांनी यापूर्वी माणसे ओढून नेली आहेत, म्हणून लाट थेट आदळते त्या बाजूला उतरू नये. ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या काढायला येणाऱ्या कोळी भगिनींना कोणत्या जागी पाय रुततो आणि पाणी कोणत्या बाजूने आधी आत शिरते हे अचूक ठाऊक असते. उतरण्याआधी त्यांना विचारावे.

सामान फार लागत नाही. घोट्यापर्यंत घट्ट बसणारे जुने बूट, पांढरे उथळ प्लास्टिकचे तबक, एक मऊ रंगकामाचा कुंचला, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, १० पट मोठे दाखवणारे भिंग, पेन्सिल आणि जाड कागदाची वही, डोक्याला लावायचा दिवा, प्यायचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे पुरे. चप्पल घालून चिखलात जाऊ नये, कालवांच्या कडा तळपाय कापतात.

प्रत्यक्ष शोध

कोष्टकातील ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी किनाऱ्यावर हजर राहावे आणि उतरत्या पाण्यामागून सावकाश खाली जावे. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परतीकडे वळावे. पाणी चढण्याचा वेग सारखा नसतो: पहिल्या तासात एकूण चढावाचा सुमारे बारावा भाग पाणी येते, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी येते. पहिल्या तासातील संथपणावर विसंबून राहणारे लोक मधल्या उंचवट्यावर अडकतात.

खाली उतरल्यावर ताबडतोब चालत सुटू नये. डायटमांचा थर असलेला एक पट्टा निवडून उकिडवे बसावे आणि हातभर जागेकडे पाच मिनिटे स्थिर नजरेने पाहावे. नजर स्थिरावली की प्रथम माग दिसतात. हॅमिनिआचा माग उथळ, रुंदीने सारखा आणि वळणावळणाचा असतो. त्याच्या टोकाला एक लहानसा, चकचकीत उंचवटा असतो, ज्यावर गाळ लागलेला असल्यामुळे तो दगडासारखा भासतो. उंचवटा हलतो का ते पाहावे. हलत नसेल तर कुंचल्याने त्याच्या कडेचे पाणी किंचित हलवावे. गोगलगाय असेल तर ढाल आक्रसते.

वाळूतले बहुतेक ठळक माग मात्र ‘नॅटिका’ गटाच्या मून स्नेलचे असतात. तीही मोठा पाय पसरून वाळूखालून जाते आणि नवख्याला हमखास फसवते. तिचा शंख जाड, गोल आणि टणक असतो, तिला झाकण असते आणि आसपास नीटस गोल भोक पाडलेले रिकामे शिंपले आढळतात. ती शिंपल्यांना भोके पाडून खाते, हा तिच्या अस्तित्वाचा पुरावाच म्हणावा लागेल.

खडकांच्या डबक्यांत शोध घेताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. हिरव्या शैवलाचे झुपके हाताने उपटू नयेत. कुंचल्याने बाजूला सारून त्यांच्या मुळांशी पाहावे. दगड उलटला तर तो त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूचे प्राणी उन्हात काही मिनिटांत मरतात. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार ‘कोनस’ जिवंत दिसला तर त्याला स्पर्शही करू नये. त्याचा विषारी दंश काही जातींत माणसालाही प्राणघातक ठरला आहे. गुडघाभर पाण्यातून जाताना पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत सरकवावा, म्हणजे गाळात बसलेला पाकट मासा आधीच दूर जातो.

तबकातील निरीक्षण

प्राणी सापडल्यावर प्रथम तो जेथे आहे तेथेच छायाचित्र घ्यावे आणि आजूबाजूची जमीन त्यात दिसू द्यावी. त्यानंतरच, आवश्यकता असेल तर, हाताची ओंजळ त्याच्या खालून गाळासकट घालून तो तबकात घ्यावा. चिमटीत धरून उचलल्यास हॅमिनिआचा शंख फुटतो. तबकात त्याच डबक्यातील समुद्राचे पाणी असावे; पिण्याच्या पाण्याचा थेंबही त्यात पडू नये, कारण क्षारतेत अचानक झालेला बदल या प्राण्यांना सोसत नाही.

दोन-तीन मिनिटे शांत ठेवले की गोगलगाय पुन्हा पसरते. तेव्हा वरून, उजव्या बाजूने आणि समोरून ढालीचे अशी छायाचित्रे घ्यावीत, शेजारी पट्टी ठेवावी. तबकाऐवजी पारदर्शक डबी वापरली तर पायाचा तळही घेता येतो. उन्हाची चकाकी टाळण्यासाठी सोबत्याने छत्री धरावी. मोबाइलच्या फ्लॅशमुळे पाण्याचा पृष्ठभागच उजळतो आणि प्राणी दिसेनासा होतो. पाच-सात मिनिटांत प्राणी जेथून उचलला तेथेच परत सोडावा.

जिवंत गोगलगाय बाटलीत घालून पुण्याला आणण्याचा मोह अनेकांना होतो. बाटलीतील पाणी घाट चढेपर्यंत तापते, त्यातील प्राणवायू घटतो आणि घरी पोहोचल्यावर तिला लागणारे नेमके अन्न आपल्याकडे नसते. म्हणून हा प्रयोग करूच नये.

ओळख पटवणे

सर्वप्रथम शंखाचे शिखर पाहावे. शिखर स्पष्ट वर आलेले असेल, पृष्ठभागावर आडव्या बारीक रेषा कोरलेल्या असतील आणि तोंडावर झाकण असेल, तर तो ‘अ‍ॅक्टिऑन’ किंवा त्याचा नातेवाईक समजावा. शिखर आत दबलेले आणि शंख जाड, तपकिरी-करड्या ठिपक्यांचा असेल तर बुला. शंख पातळ, अर्धपारदर्शक, एक-दोन सेंटीमीटरचा आणि त्यातून आतील शरीराचे ठिपके दिसत असतील तर हॅमिनिआ गट. शंख शुभ्र व लांबट आणि दोन्ही टोकांकडे बारीक खाचा असतील तर अ‍ॅटिसकडे लक्ष द्यावे. पातळ गोलसर शंखावर गडद, नागमोडी, अत्यंत बारीक रेषा असतील आणि भोवती गुलाबी शरीराच्या झालरी निळसर कडेसह पसरल्या असतील तर ‘हायडॅटिना फायसिस’, आणि अशा वेळी आपण भाग्यवान आहोत असे मानायला हरकत नाही. शंख बाहेरून दिसतच नसेल आणि पांढरट शरीर चिखलात रुतलेले असेल तर फिलीन असू शकते.

समुद्रससा म्हणजे ‘अ‍ॅप्लिजिया’ आणि त्याचे नातेवाईक यांच्याशीही गल्लत होते, कारण त्यांच्याही पायाच्या कडा पाठीवर वळलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर कानांसारखी दोन उभी इंद्रिये असतात. बबल गोगलगायींत त्यांच्या जागी सपाट ढाल असते. हा एक फरक पाहिला तरी पुरते.

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत सापडणारे रिकामे शंख ओळखीसाठी उपयोगी असले, तरी प्राणी तेथेच राहत होता असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. हलके शंख लाटांबरोबर दूर जातात आणि शंखवासी खेकडेही त्यांची जागा बदलतात.

अंडी

प्रौढ प्राणी दिसला नाही तरी अंड्यांवरून त्याची उपस्थिती कळते. बबल गोगलगायी उभयलिंगी असतात; प्रत्येकीत नर आणि मादी दोन्ही इंद्रिये असतात. बहुतेक जातींत जननछिद्रापासून डोक्याजवळील शिश्नापर्यंत शरीराच्या उजव्या बाजूने एक उघडी खाच जाते आणि शुक्राणू त्या खाचेतून पुढे नेले जातात. अंडी जिलेटिनसारख्या आवरणात घातली जातात. हॅमिनिआची अंडी शैवलाला किंवा गाळाला चिकटलेल्या आखूड, पिवळसर वा पांढऱ्या पुंजक्यांत, बुलाची गुंतलेल्या पिवळ्या दोऱ्यांत आणि हायडॅटिनाची वाळूत एका चिकट तंतूने रोवलेल्या, चुणीदार पांढऱ्या फितीत दिसतात. भिंगातून पाहिल्यास आवरणात फिरणारे ठिपके दिसू शकतात. त्या व्हेलिजर अवस्थेतील अळ्या असतात. पुढे त्या पाण्यात तरंगू लागतात आणि योग्य जागी उतरून रूपांतरित होतात. जपानकडून पॅसिफिकपलीकडे पसरलेल्या ‘हॅलोआ जॅपोनिका’ या जातीत एकाच पुंजक्यातून पोहणाऱ्या अळ्या आणि थेट रांगणारी पिल्ले अशी दोन्ही बाहेर पडतात, ही फार क्वचित आढळणारी गोष्ट आहे.

लहान जातींचे आयुष्य बहुधा वर्षभराचेच असते. म्हणून एका हिवाळ्यात शेकडोंनी दिसलेली गोगलगाय त्याच जागी पुढच्या हिवाळ्यात एकही न दिसणे शक्य असते. अशा वेळी जागा बिघडली असे लगेच म्हणू नये. अंड्यांचे पुंजके आणि डायटमांचा थर आहे का, हे आधी तपासावे.

नोंद

प्रत्येक नोंदीत तारीख व तिथी, घड्याळाची वेळ, कोष्टकातील ओहोटीची उंची, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, जमिनीचा प्रकार, पाण्याची खोली, जवळचे अन्न, संख्या, लांबी आणि प्राणी काय करत होता हे लिहावे. महाविद्यालयीन गटाने जात असाल तर पाण्याच्या कडेला काटकोनात २० मीटरची दोरी टाकावी आणि दर दोन मीटरवर ५० बाय ५० सेंटीमीटरची प्लास्टिक नळीची चौकट ठेवून आतील संख्या मोजावी. ज्या चौकटीत काहीच सापडले नाही तिच्यापुढे शून्य लिहावे. शून्ये गाळली तर अधिवासाबद्दल काहीही सांगता येत नाही, आणि उत्साहाच्या भरात तीच गाळली जातात.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये अनेक सागरी शंखांचा समावेश आहे आणि १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या क्षेत्रांत संकलनावर वेगळे निर्बंध आहेत. ओळख पटलेली नसताना शंख उचलून नेणे म्हणूनच टाळावे. नमुना जतन करण्याची खरोखरच गरज असलेल्या संशोधकाने परवानगी आणि संस्थेचा पाठिंबा घेऊनच ते करावे. पुणेकरांच्या बाबतीत एक सोय जवळच आहे: भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे.

इतरांनी छायाचित्रे आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन मंचावर जागेसह टाकावीत. मुंबईच्या किनाऱ्यावर नागरिकांनी २०१७ पासून चालवलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने अशा नोंदींचा उपयोग किती होतो हे दाखवून दिले आहे. नाव लिहिण्यापूर्वी ते आज ग्राह्य आहे का, हे सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत (WoRMS) पाहून घ्यावे. विशेषतः हॅमिनिआ या जुन्या नावाखालील कित्येक जाती डीएनएच्या अभ्यासानंतर हॅलोआ, लँप्रोहॅमिनिआ अशा वंशांत गेल्या आहेत. या कुळात शंख सारखे आणि आतील इंद्रिये वेगळी असा प्रकार नेहमीचा असल्यामुळे छायाचित्रावरून जात ठरत नसेल, तर नोंद वंशापर्यंत किंवा कुळापर्यंतच ठेवावी, अंड्यांच्या पुंजक्याचे छायाचित्र त्याच नोंदीला जोडावे आणि पुढच्या पक्षातील त्याच तिथीला त्याच अक्षांश-रेखांशावर पुन्हा जावे.